सीईटी-४ साठी शब्द आणि वाचन

चीनमध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असशील आणि सीईटी-४ (तिथल्या कॉलेज विद्यार्थ्यांची इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा) द्यायची असेल, तर वर्णक्रमाने छापलेली शब्दयादी आधी बाजूला ठेव. बहुतेकांची गाडी 'ॲबॅन्डन'पाशीच अडकते, आणि सारखे दिसणारे शब्द शेजारी आले की डोक्यात गोंधळ होतो तो वेगळाच. रोज २० नवे शब्द पुरेत, पण प्रत्येक शब्द वाक्यासकट लिही. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चिनी अर्थ झाकून आठवून बघ. नुसतं परत वाचलं की शब्द ओळखीचा वाटतो, पेपरात मात्र अर्थ सुचत नाही. एकच चिनी अर्थ पाठ करणं तर सगळ्यात घातक: 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता एवढंच माहीत असेल, तर 'ॲड्रेस द प्रॉब्लेम' (समस्या हाताळणं) इथे अडशील.

लांब वाक्यांचं दुखणं वेगळं. चिनीत विशेषणवाक्य नामाच्या आधी येतं, इंग्रजीत बहुधा नंतर. म्हणून आधी मुख्य कर्ता आणि क्रियापद शोध, 'विच', 'दॅट'पासूनचा भाग कंसात टाक, मग अर्थ लाव. शब्दागणिक भाषांतर करत बसू नकोस.

वाचनाला ४० मिनिटं आणि ३५ टक्के गुण. त्यातले २० टक्के शेवटच्या दोन उताऱ्यांना, तेव्हा ते आधी सोडव, २० मिनिटांत. परिच्छेद जुळवायला, म्हणजे कोणतं विधान कोणत्या परिच्छेदातलं ते ओळखायला, १२ मिनिटं दे. विधानं उताऱ्याच्या क्रमाने नसतात आणि एकच परिच्छेद दोनदाही लागू शकतो. गाळलेल्या जागांना ५ टक्केच आहेत: दिलेले १५ शब्द नाम, क्रियापद, विशेषण असे वेगळे कर, निम्मं काम तिथेच होतं.