तीन ग्रेहाउंड आणि सुट्टीचे दोन दिवस

पशुवैद्यांना विचारा

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे यजमान आणि मी गेली सहा वर्षे इंग्लंडमध्ये डर्बी येथे राहतो. पाच महिन्यांपूर्वी आम्ही शर्यतींतून निवृत्त झालेली चार वर्षांची ग्रेहाउंड कुत्री दत्तक घेतली आणि तिचे नाव तारा ठेवले. पुढच्या शनिवार-रविवारी आमचे एक मित्र व त्यांची पत्नी आपले दोन ग्रेहाउंड घेऊन आमच्याकडे मुक्कामाला येत आहेत. शनिवारी पीक डिस्ट्रिक्टमधील मॉन्सल ट्रेल आम्ही सर्वांनी पूर्ण चालावा आणि रविवारी घरी मराठी जेवणाचा बेत करावा, असे यजमानांच्या मनात आहे. मला मात्र काळजी वाटते. माझ्या आईने सांगलीहून पाठवलेल्या गोधडीवर तारा दिवसाचे सोळा-सतरा तास झोपून असते. ती उदास तर नाही ना? तीन कुत्री एका घरात नीट राहतील का? ट्रेलवर माणसे नसताना त्यांना थोडा वेळ मोकळे सोडले तर चालेल का?
— एक वाचक, डर्बी

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातले गोधडीचे वाक्य वाचून मला फार बरे वाटले, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. सोळा-सतरा तास झोपणारा ग्रेहाउंड उदास नसतो. तो ग्रेहाउंडच असतो. इंग्लंडमध्ये यांत्रिक सशामागे धावण्याच्या शर्यती १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर सुरू झाल्या. आजही सुमारे ४८० मीटरची शर्यत साधारण तीस सेकंदांत संपते आणि बाकीचा बहुतेक वेळ ही कुत्री आपापल्या खोलीत पडून असतात. क्षणभर सारी ताकद लावायची आणि मग दीर्घ विश्रांती घ्यायची, हीच त्यांच्या शरीराची घडण आहे. तारा पाठीवर उताणी पडून, चारही पाय हवेत सोडून आणि मान एका बाजूला टाकून झोपते का, ते पाहा. या झोपेला तिकडचे पाळणारे मेलेल्या झुरळावरून ‘रोचिंग’ म्हणतात, आणि घरात निर्धास्त वाटल्याखेरीज कुत्रे आपले पोट असे उघडे टाकून झोपत नाही. तुम्ही घरी आल्यावर ती दात कटकट वाजवत असेल किंवा तुमच्या मांडीला अंग टेकून उभी राहत असेल, तर तोही आनंदच समजा. जेवण सोडले, लंगडू लागली किंवा हाका मारूनही उठेनाशी झाली, तरच तिला पशुवैद्यांकडे न्यावे.

म्हणूनच तुमच्या यजमानांना माझी आग्रहाची विनंती आहे की, पूर्ण ट्रेलचा बेत त्यांनी सोडून द्यावा. मॉन्सल ट्रेल सुमारे साडेआठ मैलांचा आहे आणि परत येणे धरले तर अंतर दुप्पट होते. सरावाने ग्रेहाउंड लांबही चालू शकतात, परंतु पाच महिन्यांपूर्वी घरात आलेल्या कुत्रीला एकाच दिवशी एवढे चालवले तर तळव्यांची कातडी सोलवटते. जागा मात्र तुम्ही उत्तम निवडली आहे. १९६८ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची ही वाट सपाट आहे, आणि चढउतार नसल्यामुळे लांब पायांच्या कुत्र्यांना ती सोयीची पडते. हॅसॉपच्या जुन्या स्थानकापासून निघावे, तासाभरात जमेल तेवढे चालावे आणि हेडस्टोन पुलावरून दिसणारी वाय नदीची दरी पाहून परत फिरावे. पुलाआधीच्या बोगद्यात आवाज घुमतो आणि मागून सायकली येतात. २०११ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या बोगद्यांत दिवसा दिवे असतात, तरी तारा पहिल्यांदा तोंडाशी थबकेल. तिला ओढू नका. मित्रांची कुत्री निर्धास्तपणे पुढे गेली की ती बहुधा आपणहून त्यांच्या मागे जाईल. थंडी असेल तर तिला कोट घाला, कारण या जातीच्या अंगावर चरबी नावालाच असते. आणि ऊन असेल तर सकाळी लवकर निघा, कारण उकाडाही त्यांना सोसत नाही.

आता मोकळे सोडण्याविषयी. ट्रेलवर एकही माणूस दिसत नसला तरी सोडू नका. या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. ग्रेहाउंड वासाने नव्हे तर नजरेने शिकार करतो. आपल्याकडे लातूर-सोलापूरकडचा कारवानी कुत्राही त्याच वळणाचा आहे, आणि माळावर ससा उठला की तो मालकाच्या हाकेला कशी दाद देत नाही, हे तिकडच्या धनगरांना विचारावे. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. ‘तारा’ अशी हाक मारून तुम्ही दुसऱ्यांदा श्वास घेईपर्यंत, म्हणजे पाचेक सेकंदांत, ती ऐंशी मीटरवर गेलेली असेल, आणि त्या परिसरात मेंढ्या आहेत. मेंढ्यांच्या मागे कुत्रे लागणे हा इंग्लंडमध्ये १९५३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि आपली जनावरे वाचवण्यासाठी काही परिस्थितीत शेतकरी कुत्र्याला गोळीही घालू शकतो. गळ्यात साधा पट्टा असेल तर तोही बदला. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा रुंद असते, त्यामुळे घाबरून मागे सरकलेले कुत्रे साध्या पट्ट्यातून सहज निसटते. ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा त्यासाठीच असतो.

धावण्याचा आनंद मात्र त्यांना अवश्य द्यावा. तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या हिशोबाने भाड्याने मिळणारी, उंच कुंपणाची राखीव मैदाने तिकडे बऱ्याच ठिकाणी आहेत. रविवारी सकाळी असे एक मैदान घ्या. आधी दहा मिनिटे पट्ट्यासह चालवून अंग मोकळे करा, तिघांना शर्यतीतल्यासारख्या जाळीदार मुसक्या घाला आणि मग सोडा. मुसकी पाहून वाईट वाटून घेऊ नये. या कुत्र्यांना तिची सवय असते आणि धावताना एकमेकांना धरण्याची त्यांची खोड त्यामुळे निभावून जाते. मी इंग्लंडमध्ये काम करीत असताना आमच्या घरी राखाडी रंगाचा एक ग्रेहाउंड होता. मैदानाच्या कडेच्या काटेरी झुडपाला तो नुसता घासून गेला आणि त्याच्या मांडीची कातडी वीतभर फाटली. रक्त फारसे आले नाही, तो कण्हलाही नाही, शेपटी हलवत माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि मग मला जखम दिसली. त्या दिवसापासून धावणे संपले की प्रत्येक कुत्र्याच्या अंगावरून, पायांच्या बोटांमधून आणि शेपटीवरून मी हात फिरवून पाहतो. तुम्हीही पाहा. चार-पाच फेऱ्यांत ती स्वतःच थांबतील आणि जीभ बाहेर काढून गवतावर आडवी होतील. त्यांना पुन्हा उठवू नये.

तिघांची पहिली भेट घरात घडवू नका. पाहुणे आले की तुम्ही तारासह बाहेर या आणि घरापासून थोड्या दूर रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे सगळे एका दिशेने चाला. शर्यतीची कुत्री आपल्या जातीच्या सोबतीतच वाढलेली असतात, त्यामुळे दुसरा ग्रेहाउंड त्यांना बहुधा लगेच आपला वाटतो; भांडण होते ते अंथरुणावरून आणि खाण्यावरून. म्हणून तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत जेवण द्या आणि पाहुण्यांना त्यांची अंथरुणे सोबत आणायला सांगा. झोपलेल्या ग्रेहाउंडला हात लावून उठवू नये, हेही सर्वांना आधीच सांगून ठेवा. काहींचे डोळे झोपेतही उघडे असतात, आणि अचानक स्पर्श झाला तर ती दचकून गुरगुरतात. आधी नावाने हाक मारावी.

स्वयंपाकाचा बेत छान आहे, पण ओट्याची उंची विसरू नका, कारण ग्रेहाउंडचे तोंड पुढचे पाय न उचलता सहज ओट्यावर पोहोचते. शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, कांदा आणि लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि रश्श्यातल्या मटणाच्या शिजलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे आतड्यात रुततात. कांदेपोह्यांची कढई, शिऱ्याचे पातेले आणि उष्टी ताटे लगेच बंद कपाटात किंवा दाराआड गेली पाहिजेत. तिघांना द्यायचेच असेल तर मीठ-मसाला न घातलेली, हाडे काढलेली उकडलेली कोंबडी थोडी द्या. धावण्याआधी आणि धावल्यावर किमान तासभर जेवण देऊ नये, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. पोट टणक झाले आणि ओकाऱ्या काढूनही काही बाहेर पडत नसेल, तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठायचा. सुट्टीच्या दिवशी उघडा असणारा दवाखाना कोणता, ते शुक्रवारीच विचारून त्याचा क्रमांक दारावर लावून ठेवा.

रविवारी दुपारी तुम्ही चौघे गप्पा मारत बसाल आणि तिघे तुमच्या पायांशी घोरत असतील. तेव्हा हळूच ताराचे कान उलटून आतली बाजू पाहा. दोन्ही कानांत हिरव्या शाईने गोंदलेली अक्षरे असतील तर तिचा जन्म आयर्लंडचा, कारण इंग्लंडमध्ये धावणारी बहुतेक कुत्री तिथूनच येतात. मित्रांच्या कुत्र्यांचेही पाहा, दोघे-तिघे एकाच मुलखाचे निघतील. आणि सांगलीहून आलेली ती गोधडी आता तिलाच राहू द्या. ग्रेहाउंडच्या कोपरांवर आणि खुब्यांवर मांस नसल्याने कडक जमिनीवर झोपून घट्टे पडतात, आणि जुन्या लुगड्यांच्या थरांसारखे मऊ अंथरूण मी दुसरे पाहिलेले नाही. पाहुण्यांच्या कुत्र्यांसाठी आणखी दोन मिळतील का, ते आईंना जरूर विचारा.