कंबोडियात सिएम रीपला तीन रात्री आहोत, तिथल्या अंगकोरच्या प्राचीन मंदिरांसाठी कोणता पास घ्यावा?

तीन दिवसांचाच. एका दिवसाचा ३७ डॉलरला, तीन दिवसांचा ६२ ला, आणि हे दिवस सलग वापरायची सक्ती नाही. १० दिवसांत कधीही चालतात. त्यातलं मुख्य मंदिर अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे, म्हणून सूर्य मंदिराच्या मागून उगवतो. पहाटे ५ ला आत जाऊन डावीकडच्या तळ्याचा काठ गाठा. उजाडलं की निम्मी गर्दी नाश्त्याला पांगते. नेमकं तेव्हाच पूर्वेकडच्या ओवरीत जाऊन भिंतीवरचं समुद्रमंथन निवांत बघा. वासुकी ओढणारे देव-दानव सोडून सेल्फी काय काढायचे! बाकानला, म्हणजे मंदिराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जायला, खांदे-गुडघे झाकणारे कपडेच लागतात, नुसती ओढणी गुंडाळली तर परत पाठवतात. पौर्णिमा-अमावास्येसारख्या बौद्ध सणवारी बाकान बंद असतो. आणि हो, जरा फाटलेली डॉलरची नोट तिथे कुणी घेत नाही.