पहिला भारी ब्लेझर घेतोयस? आधी खांदे बघ
मित्रा, लोगो बघून खरेदी करू नकोस, सुरुवातीला बहुतेक जण तिथेच फसतात. ब्लेझर घालून पाहताना सगळ्यात आधी खांदे बघ, शिवण बरोबर तुझा खांदा संपतो तिथेच संपली पाहिजे, कारण कंबर, बाहीची लांबी हे टेलर सहज कमीजास्त करतो पण खांदा उसवून परत बसवायचा म्हणजे खूप किचकट काम आणि खर्चही तसाच, त्यामुळे खांदा बसत नसेल तर कितीही आवडला तरी सोडून दे. हात खाली सोडल्यावर शर्टाचा कफ साधारण १ ते १.५ सेंमी बाहेर दिसू दे.

घरी आणलास की पाठीमागे खालच्या उभ्या कटवर फुलीसारखा टाका असतो ना, तो कापून टाक, बाहीवरचं लेबल पण. ते ठेवायचं नसतं. इतके सुंदर कोट त्या फुलीसकट घातलेले बघितलेत, खरंच जीव हळहळतो.

बाकी एवढंच:
- खालचं बटण कायम उघडं
- बेल्ट आणि बूट मिळत्याजुळत्या रंगाचे
- चामड्याचे बूट रोज नको, मध्ये एक दिवस आत लाकडी शू ट्री (बुटाच्या आकाराचा ठोकळा) घालून सुकू दे

कफलिंक्स (कफाला लावायची शोभेची बटणं), पॉकेट स्क्वेअर (वरच्या खिशातला रुमाल) आत्ता राहू दे. पहिला नेव्ही ब्लूच घे, ग्रे पँटवर मस्त दिसतो.