‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे न्यूनगंड का? एका हवालदारांच्या घरातून आलेला प्रश्न

“आधीच्या डॉक्टरांनी पीटीएसडी सांगितलं होतं, आताचे कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणतात. म्हणजे ह्यांचा आजार वाढला, की ह्यांना न्यूनगंड आहे?” गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या वहिनींनी कागदांची फाइल माझ्यासमोर ठेवून हे विचारले. पीटीएसडी म्हणजे भयंकर आघातानंतर मनात रुतून राहणारा ताणविकार. माजी सैनिकांच्या घरांतून हीच काळजी वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येते, म्हणून त्या दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

त्यांचे यजमान चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यातली बरीच वर्षे दहशतवादविरोधी कारवाईच्या भागात गेली होती. रात्री माडाची झावळ पत्र्यावर पडली की ते उठून भिंतीच्या आडोशाला बसत आणि घामाने भिजलेले असत. साखळी शहराच्या बाजारात जाणे त्यांनी सोडले होते. नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री, फटाके सुरू झाले की ते आतल्या खोलीचे दार लावून घेत. घडून गेलेली घटना आत्ताच घडते आहे असे वाटणे, तिची आठवण करून देणारे सर्व काही टाळणे, आणि धोका अजून टळलेला नाही या जाणिवेने सतत सावध राहणे, ही पीटीएसडीची तीन मुख्य लक्षणे आहेत आणि ती तिन्ही त्यांच्यात स्पष्ट दिसत होती. त्यामुळे पहिल्या तीन भेटींत मी गोळीबार आणि फटाके यांच्याबद्दलच विचारत राहिले. ती माझी चूक होती.

चौथ्या भेटीत वहिनी सहज म्हणाल्या, “चवथीची माटोळीसुद्धा हे बांधत नाहीत. पूर्वी सुट्टीवर आले की रानातून सगळं हेच आणायचे.” माटोळी म्हणजे चवथीला, गणेशचतुर्थीला, गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती चौकट, जिला रानातली फळे-फुले केवणीच्या सालीच्या दोरांनी बांधतात. मी ते फटाक्यांच्या भीतीच्या खात्यात टाकणार होते, पण माटोळी बांधतात ती गणपती येण्याआधी, आणि तेव्हा त्या घरात फटाका वाजत नाही. मग टाळत होते ते काय? मी हवालदारसाहेबांनाच विचारले. त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले, बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “ह्या हातांनी काय काय उचललंय, तुम्हाला माहीत नाही. देवाच्या डोक्यावर काही बांधायची ह्यांची लायकी नाही.”

या उत्तरात भीती नव्हती, स्वतःबद्दल दिलेला निकाल होता. पीटीएसडी आणि कॉम्प्लेक्स पीटीएसडी यांच्यातला फरक मला तिथे दिसला. कॉम्प्लेक्स पीटीएसडीत वरची तिन्ही लक्षणे असतातच. त्यांच्या जोडीला भावना आवरता न येणे किंवा पूर्ण बधिर होणे, आपण क्षुल्लक, हरलेले, कवडीमोल आहोत अशी पक्की समजूत आणि तिच्याबरोबरची लाज किंवा अपराधीपणा, आणि जवळच्या माणसांशी नाते टिकवणे जड जाणे, ही आणखी तीन लक्षणे दीर्घकाळ ठाण मांडून बसतात. हवालदारसाहेब ओसरीवर एकटे जेवत. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना ते उठून कुळागरात, सुपारीच्या बागेत, निघून गेले होते. एरवी त्यांचा चेहरा निर्विकार असे आणि मध्येच एखाद्या दिवशी घरातली भांडी भिंतीवर आदळत. सैनिकाच्या बाबतीत हे ओळखणे विशेष अवघड असते, कारण भावना गिळून टाकणे हा गणवेशात गुण मानला जातो, आणि घरचे लोकही “फौजी माणूस, खंबीरच असणार” असे म्हणून त्या बधिरपणाला शिस्तीचे नाव देतात.

तुलनेसाठी पेडण्याकडचे एक निवृत्त नाईक आठवतात. त्यांच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली आणि दोन सोबती डोळ्यांसमोर गेले. वर्षानुवर्षे तीच गाडी त्यांच्या स्वप्नात येई आणि अरुंद रस्त्यावर ट्रकच्या मागे गाडी चालवणे त्यांना अशक्य झाले होते. तरी ते ठामपणे सांगत, “त्या दिवशी जे करायचं ते मी केलं.” नातवाला खांद्यावर घेऊन ते जत्रेत फिरत. त्यांचा त्रास हवालदारसाहेबांपेक्षा लहान होता असे मी कधीच म्हणणार नाही, पण स्वतःविषयीचा त्यांचा विश्वास शाबूत होता आणि त्यांचे निदान पीटीएसडीच राहिले.

एक प्रसंग म्हणजे साधा आणि अनेक प्रसंग म्हणजे कॉम्प्लेक्स, असा हिशेब मात्र मांडता येत नाही. सुटका नसलेल्या, पुन्हा पुन्हा झालेल्या आघातांनंतर कॉम्प्लेक्स प्रकार अधिक आढळतो हे खरे, पण निदान ठरते ते लक्षणांवरून. म्हणून मी आता भरतीच्या आधीचे आयुष्यही विचारते. हवालदारसाहेबांचे वडील दारू पिऊन मारत, आणि लहानपणी ते तासन् तास माळ्यावर लपून बसत. “पलटणीत पहिल्यांदा निवांत झोपलो,” असे ते म्हणाले. त्यांच्या जाड फाइलीत हे कुठेही नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते.

वहिनींना मी सांगितले की आधीच्या डॉक्टरांचे चुकले नव्हते. पीटीएसडी हे निदान अमेरिकन मनोविकार संघटनेच्या पुस्तिकेत १९८० साली आले. दीर्घ, वारंवार झालेल्या आघातांचे वेगळे रूप अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात मात्र कॉम्प्लेक्स पीटीएसडीला स्वतंत्र स्थान मिळाले ते अकराव्या आवृत्तीत, आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकन पुस्तिकेत हे निदान आजही वेगळे दिलेले नाही. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन नावे येऊ शकतात. इथे ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे गुंतागुंतीचा. न्यूनगंडात माणूस स्वतःला इतरांशी तोलून कमी ठरवतो, हवालदारसाहेब कुणाशीच तुलना करत नव्हते. आणि ही आजाराची शेवटची पायरीही नव्हे. उपचाराला बहुधा अधिक काळ लागतो, पण गुण येतो.

निदान आणि औषधे मानसोपचारतज्ज्ञांकडे राहिली. माझ्याकडे आम्ही आघाताच्या आठवणींना हात घालण्याआधी काही आठवडे फक्त राग चढताना शरीरात काय होते ते ओळखणे, आणि माझ्यासमोर गप्प बसले तरी चालते हा विश्वास, यांवर घालवले. झोपेसाठी घेतली जाणारी कॅन्टीनची रम डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केली. “जगू नये असं वाटतं का?” हेही मी स्पष्ट शब्दांत विचारले, कारण असे विचारल्याने तो विचार मनात नव्याने पेरला जात नाही. वहिनींच्या मोबाइलमध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तेव्हाच नोंदवून ठेवला.

त्या वर्षीच्या चवथीला माटोळी पुतण्यानेच बांधली. हवालदारसाहेब खाली पाटावर बसून त्याला आंबाडे, कवंडळे आणि सुपारीचे घोस एकेक करून वर देत होते, असे वहिनींनी सांगितले. पुढच्या भेटीत मी त्याबद्दल काही विचारले नाही. निघताना दाराशी थांबून तेच म्हणाले, “केवणीचे दोर मी वळून दिले.”