दुसरं बाळ हवंय कुणाला आणि सांभाळणार कोण?

प्रश्न: मुलगी चार वर्षांची आहे. नवरा आणि सासूबाई दुसऱ्यासाठी मागे लागलेत. नवरा म्हणतो "या वेळी मी करीन सगळं", पण पहिल्या वेळीही हेच म्हणाला होता. नोकरी सुटली तर साध्या खर्चालाही हात पसरावे लागतील, आणि नाही म्हटलं की घरात सगळ्यांची तोंडं फुगतात. काय करू?
- एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, तुमची भीती अगदी रास्त आहे. मथियास डोप्के आणि फॅबियन किंडरमन या अर्थतज्ज्ञांनी युरोपातल्या जोडप्यांचा अभ्यास केला, तो २०१९ साली छापून आला, त्यात दिसलं की जिथे जन्मदर कमी तिथे आणखी मूल नको म्हणणाऱ्या जास्त करून बायकाच, कारण सांभाळायचा भार त्यांच्यावरच पडतो. आणि खरी गोम पुढे आहे, बाळ व्हायच्या आधी दिलेला शब्द नंतर कोणी पाळायला लावू शकत नाही, त्यात तुमचा पगार बंद झाला की घरात तुमच्या शब्दाला वजनही कमी. आपल्याकडचं बघा, २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष जेमतेम २६ टक्के, तेही सरासरी ९७ मिनिटं, आणि बायका २९९!

म्हणून "करीन" ऐकून हो म्हणू नका, आत्ताच करून दाखवायला सांगा. मुलीचा डबा, आंघोळ, ती आजारी पडली की सुट्टी, हे सहा महिने त्यांच्याकडे. पाळणाघराचे पैसे कुणाच्या खात्यातून जाणार तेही आधीच ठरवा. २६ आठवड्यांची पगारी रजा दुसऱ्या बाळंतपणालाही मिळते (पात्रता ऑफिसात विचारून घ्या), पण खाजगी नोकरीतल्या बापाला रजा द्यायची सक्ती कायद्यात नाहीये, तेव्हा त्यांच्या एचआरला त्यांनीच विचारावं.

तोवर दिवस राहू नयेत म्हणून तांबी (कॉपर-टी) बसवायची असेल, तर नवऱ्याची सही लागत नाही. तरी शक्य असेल तर सांगून बसवा. झांबियात एका प्रयोगात काही बायकांना गर्भनिरोधनाची सोय नवऱ्यासोबत दिली, काहींना एकटीला. एकटीला मिळालेल्यांनी ती जास्त वापरली, पण मनाने त्या कमी सुखी होत्या, लपवाछपवीचा ताण असणार बहुतेक. अर्थात घरात मारहाणीची भीती असेल तर हे सगळं बाजूला, आधी स्वतःला जपा.

आणि हो, सासूबाईंना समजवायचं काम तुमचं नाही, त्यांच्या मुलाचं.