मन लागत नाही, वर्ष सोडून परत येऊ का?

एका वर्षाच्या एक्स्चेंजवर (आपल्या पदवीतलं एक वर्ष परदेशी विद्यापीठात शिकायला) गेलेली मुलं माझ्याकडे बहुतेक हाच प्रश्न घेऊन येतात. त्याच्या मागोमाग, जरा दबक्या आवाजात, दुसरा येतो: बाकीच्यांना जमतंय, मग मलाच का नाही? अशाच एका विद्यार्थिनीबद्दल लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला ती युरोपातल्या एका विद्यापीठात गेली होती. सत्र सुरू होऊन जेमतेम दीड-दोन महिने झाले होते. रोज रात्री आईबाबांना व्हिडिओ कॉल, कॉल संपला की रडू. निदानही तिनं स्वतःच करून ठेवलं होतं: होमसिकनेस.

अशा वेळी ‘कसं वाटतंय’ हे मी फार विचारत बसत नाही. कालचा दिवस सांग म्हणते, उठल्यापासून. तिनं सांगितला. सकाळचं लेक्चर, शेवटची रांग. प्राध्यापक विनोद करतात, वर्ग हसतो, आणि काहीही न कळता हीही क्षणभर उशिरा हसते. दुपारी लायब्ररीत चाळीस पानांचा लेख, त्यातली दहाही वाचून होत नाहीत. संध्याकाळी होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात सगळे जमतात, तेव्हा ही खोलीत बसून आवाज थांबायची वाट पाहते. मग घरी कॉल.

“घरची आठवण सगळ्यात जास्त कधी येते?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “मंगळवारी रात्री.”

“आणि शनिवारी?”

“शनिवारी... तेवढी नाही, मॅम.”

बुधवारी तिचा सेमिनार असायचा. तिथं प्रत्येकाला वाचलेल्या लेखावर बोलावं लागतं.

घरची ओढ खोटी नव्हती. पण तिच्या आडून अभ्यासाची भीती बोलत होती, आणि त्या भीतीला कारण होतं. वेळापत्रकात तास कमी दिसले म्हणून तिनं सत्राला ३६ क्रेडिट घेतले होते. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० आणि सत्राचे ३० क्रेडिट धरतात, आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम. यात वर्गातले तास थोडे, स्वतः वाचण्या-लिहिण्याचे बरेच. सहा क्रेडिटचा एक जादा विषय म्हणजे सत्रात दीडशे ते एकशे ऐंशी तासांची भर, तीही जिथं प्रत्येक पान परक्या भाषेत वाचायचं. रिकामं दिसणारं वेळापत्रक मुळात रिकामं नव्हतंच.

मग परतीचा निर्णय पहिल्या सत्राच्या परीक्षांपर्यंत बाजूला ठेवायचा असं ठरलं. तिनं एक्स्चेंज समन्वयकांना गाठलं. सत्र सुरू झाल्यावरही ठरावीक मुदतीत विषय बदलता येतात, मात्र त्याला दोन्ही विद्यापीठांची मान्यता लागते, आणि शिष्यवृत्तीला किमान क्रेडिटची अट आहे का हे आधी बघावं लागतं. तिचा एक विषय कमी झाला. सेमिनारच्या प्राध्यापकांना भेटून चर्चेचे प्रश्न आदल्या दिवशी मिळतील का, असं तिनं विचारलं, आणि ते मिळायला लागले. बुधवारसाठी माझी सूचना एवढीच होती: पहिल्या दहा मिनिटांत घरून तयार करून नेलेलं एक वाक्य बोलून टाकायचं. बोलायची पाळी जितकी लांबते तितकी धडधड वाढते.

कॉल बंद करायला मी सांगितलं नाही. फक्त रात्रीऐवजी दुपारी करायला सांगितला, म्हणजे दिवस त्याच्यावर संपणार नाही आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात जाता येईल. (पालकांना जाता जाता: ‘मग ये परत’ आणि ‘सहन कर जरा’, ही दोन्ही वाक्यं पहिल्या रडण्यावर बोलायची नसतात.)

आणखी एका गोष्टीनं ती धास्तावली होती. जाण्याआधीच्या ओरिएंटेशनमध्ये तिला यू आकाराचा आलेख दाखवला होता: आधी आनंद, मग घसरण, मग रुळणं. “माझा आनंदाचा टप्पा आलाच नाही!” हा आलेख नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांच्या १९५५ च्या लेखावरून आला. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवर तो लेख आधारलेला होता. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात उलटच दिसलं, त्यांना सर्वांत जड गेला तो पोहोचल्यानंतरचा सुरुवातीचा काळ. माझ्या मते मुलांना तो आलेख दाखवूच नये. ती त्यावर स्वतःला मोजत बसतात.

ती वर्षभर राहिली. सगळं छान झालं असं नाही. हिवाळा तिला जड गेला, आणि खरी मैत्री एकाच मुलीशी झाली, सेमिनारमधल्या.

पण राहणं हे प्रत्येकाचं उत्तर नसतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलेलं असेल, वर्गात जाणंच थांबलं असेल, तर तिथल्या विद्यार्थी समुपदेशन केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी तातडीची मदत मागा. आणि परतायचंच ठरलं तर तिकीट काढण्याआधी समन्वयकांना लेखी विचारा: एका सत्रावर थांबलो तर दिलेल्या परीक्षांचे क्रेडिट धरले जातील का, शिष्यवृत्तीतलं किती परत करावं लागेल, आणि होस्टेलचा करार कधीपर्यंत सोडता येईल.