आजी-आजोबांच्या जुन्या फोटोतल्या कपड्यांवरून साल ओळखता येतं का? आणि तो फोटो रंगीत करून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की घर आवरताना आजी-आजोबांचा एक काळापांढरा फोटो सापडला. आजोबांच्या अंगात कोट, आजीच्या पोलक्याला फुग्याची बाही, मागे साल लिहिलेलं नाही. कपड्यांवरून साल काढता येईल का आणि मोबाइलच्या ॲपवर रंगीत करून फ्रेम केला तर कसं, असं दोन्ही विचारलंत.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. करू नका.

मी उमरेडला ब्लाउज शिवते, २७ वर्षं झाली. जुना फोटो हातात आला की माणसाच्या तोंडाआधी माझी नजर बाहीवर जाते, मग गळ्यावर, मग काठावर. मला त्यात फार आनंद मिळतो. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी मी अल्बम मागते. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

कोटाचं सांगते. त्या काळी तालुक्याच्या फोटो स्टुडिओत खुंटीवर एक कोट टांगलेलाच असायचा. सोबत कंगवा, आरसा, पावडरचा डबा आणि मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं नाहीतर महालाचे खांब. खेड्यातून आलेला माणूस धोतरावर तो कोट चढवून खुर्चीत बसायचा. आमच्या आबांचा असा एक फोटो आहे. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाही बोटांच्या पेरापर्यंत, आणि वरून तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा मोठं. एकदा शेजारी मयतीला भेटायला गेले तर तिथे भिंतीवर त्यांच्या आजोबांचा फोटो. तोच कोट, तेच तिसरं बटण. पुढे गावात अजून दोन सापडले. चार घरांतली चार माणसं एकाच कोटात. तेव्हा तुमच्या आजोबांची खांद्याची शिवण आणि मनगट नीट बघा. मापात बसत असेल तर कोट त्यांचा असू शकतो. लोंबत असेल तर बहुतेक स्टुडिओचा, आणि त्यावरून साल काढायला जाऊ नका, तो कोट किती वर्षं खुंटीवर होता कुणास ठाऊक. उसना कोट म्हणजे खोटा फोटो, असं म्हणणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. लग्नात आपण मागून आणलेला हार घालतो, म्हणून ते लग्न खोटं होतं का?

दुसरा फोटो काकांचा. पँटीचा बॉटम २४ इंच, कॉलरची टोकं पार छातीपर्यंत, केस कानावर आलेले, बाजूच्या टेबलावर ट्रान्झिस्टर. शहरातला माणूस बघताक्षणी १९७४-७५ म्हणेल. फोटो १९८२ चा आहे, कारण काकांच्या कडेवर मी आहे आणि माझा जन्म १९८० चा. ती पँट एका वर्षी मिरचीला चांगला भाव मिळाला तेव्हा शिवलेली (आमचा पट्टा भिवापुरी मिरचीचा), आणि टेरिकॉट काही केल्या फाटत नाही. काकांनी ती आठ वर्षं घातली. नंतर आईने तीच उसवून माझ्या भावाची हाफपँट काढली. फॅशनवरून एवढंच कळतं की फोटो तिच्या आधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो, आणि खेड्यात तर बराच नंतरचा.

फुग्याच्या बाहीचा भरवसा अजिबात धरू नका. तुमच्या आजीच्या वेळी होती, मी शाळेत असताना परत आली, आणि आता नवऱ्या मुली मोबाइलवर फोटो दाखवून पुन्हा तीच मागतात. नऊवारीवरूनही बाईचं वय कळतं, फोटोचं नाही. आमच्या आजीच्या वयाच्या बाया शेवटपर्यंत लुगडंच नेसल्या, सुना पाचवारीत आल्या तरी.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी मी लिहायला बसले.

आमच्याकडे आजी-आबांचा जोडीचा एकच फोटो आहे. आबा उभे, हात खुर्चीच्या पाठीवर. आजी खुर्चीत, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर, बोटं घट्ट मिटलेली. दोघंही पांढऱ्या कपड्यांत. १९५७ साली काढलेला. कपडे मात्र आदल्या वर्षीचे, १४ ऑक्टोबर १९५६ चे.

ती तारीख आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे. अशोक विजयादशमीला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. लोकांना पांढरी वस्त्रं घालून यायला सांगितलं होतं. बाबासाहेब स्वतः पांढरं रेशमी धोतर आणि पांढऱ्या कोटात होते, माईसाहेब पांढऱ्या साडीत. आमचे आजी-आबा नागभीड-नागपूरच्या छोट्या गाडीने गेले, पुढे पायी. आजी सांगायची, “दुकानाइत पांढरं लुगडं सरलं होतं बाई. तुये आबा तीन दुकानं फिरले. मंग जे भेटलं ते घेतलं.” हे मी तिच्या तोंडून कमीत कमी ५० वेळा ऐकलंय, आणि दर वेळी ती ‘तीन दुकानं’ म्हणताना तीन बोटं दाखवायची. ते लुगडं तिने सणासुदीलाच नेसलं. फोटो काढायचं ठरलं तेव्हा तिने पेटीतून तेच काढलं.

आजी गेल्यावर दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, नवं स्लॅबचं घर बांधलं. हॉलमध्ये लावायला म्हणून नागपूरच्या एका फोटोवाल्याकडून तो फोटो मोठा आणि रंगीत करून आणला. मी गृहप्रवेशाला गेले तर भिंतीवर आजी गुलाबी लुगड्यात. काठ हिरवा. ओठांवर लाली. आबांच्या सदऱ्याला आकाशी झाक.

मी पाहुण्यांसमोरच विचारलं, “दादा, हे काय करून ठेवलं?”

तो म्हणाला, “लोकं इचारतीन ना, आबा जित्ते असताना आजी पांढऱ्यात काहून?”

“मंग सांग ना लोकायले, काहून ते!”

त्यावर तो गप्प झाला आणि वहिनीने मला स्वयंपाकघरात नेलं. तिथून सुरू झालेला वाद आजही मिटलेला नाही. दादा पुढे म्हणायला लागला की कशावरून पांढरं होतं, काळ्यापांढऱ्या फोटोत फिकं गुलाबी आणि पांढरं सारखंच दिसतं, आजीला म्हातारपणी काय आठवत असेल. यातली फोटोबद्दलची गोष्ट खरी आहे. फोटोत रंग नसतो, फक्त फिकं आणि गडद असतं. फिकं पिवळं, फिकं गुलाबी, पांढरं, सगळं एकाच राखाडीत येऊ शकतं. ॲप तुमच्या आजीचं पोलकं ओळखत नाही. त्याने दुसऱ्या हजारो फोटोंत जे पाहिलंय त्यावरून ते अंदाज लावतं. फोटोवाला तेच हाताने करतो, आणि गिऱ्हाइकाला काय आवडेल ते बघून करतो.

आजीच्या आठवणीबद्दलचं मात्र मी ऐकून घेणार नव्हते.

मग दोन वर्षांनी आईने मला एक गोधडी दिली, आजीच्या हातची. वरचं कापड विरलं होतं, म्हणून नवं लावायला मी ती उसवायला घेतली. मधल्या थरात एक जुनं सुती लुगडं निघालं, अर्धंच. हातमागाचं, कोष्ट्यांकडचं असतं तसं, मऊ पण वीण दाट. कापड पिवळट पडलेलं. पण शिंप्याला कापडाचा रंग बघायचा असला की तो शिवणीत बघतो, जिथे ऊन आणि पाणी पोचत नाही. मी काठाजवळची दुमड उलटली. आत पांढरं होतं. गुलाबीचा कुठे लवलेशही नाही.

मग काठ. फोटो मी आधीच दुकानातून मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करून घेतला होता. मोबाइलवर मोठा करून पदराजवळ थांबले. एक जाड पट्टी, मग बोटभर जागा, मग दोन बारीक रेघा. गोधडीतल्या कापडावर बोट ठेवून मोजलं. एक जाड पट्टी, बोटभर जागा, दोन बारीक रेघा. मी मशीन बंद करून तशीच बसून राहिले. दारात आलेल्या बाईला उद्या ये म्हणून सांगितलं.

आणि एक गोष्ट मला कबूल करायला हवी. तो काठ मी आयुष्यभर काळा समजत होते, फोटोत काळाकुट्ट दिसतो म्हणून. कापडावर तो लाल आहे. मधल्या थरात राहिल्यामुळे अजूनही चांगला लाल आहे. जुन्या काही फिल्मवर लाल रंग काळा उमटायचा आणि निळा उलट फिका पडायचा, हे मला नंतर एका जुन्या फोटोग्राफरने समजावलं. माझ्या हातात रंगाचा ब्रश दिला असता तर मीही काठ काळाच केला असता, आणि तोही चुकलाच असता.

कापड दादाला नेऊन दाखवलं. त्याने हातात घेतलं, बराच वेळ बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, “असा काठ गावात धा बायायचा असंन.” असेलही. पण ती गोधडी आजीने शिवली होती, गावातल्या दहा बायांनी नाही. भिंतीवर गुलाबी फोटो अजून तसाच आहे. मी माझ्याकडे मूळ फोटोची साधी काळीपांढरी प्रत फ्रेम करून लावली आहे, खाली काठाचा वीतभर तुकडा. माझ्या मुलीला कुणी विचारलं की आजी पांढऱ्यात का, तर ती तीन दुकानांसकट सांगते.

तर तुमच्या फोटोला रंग भरायची घाई करू नका. घरात त्या काळची एखादी आत्या, मावशी, मामी हयात असेल तर आधी तिच्याजवळ फोटो घेऊन बसा. “हे कोणतं साल?” असं विचारू नका, कुणाला साल आठवत नसतं. “हे लुगडं कुणी घेतलं होतं?” असं विचारा. कापड सगळ्यांना आठवतं, आणि त्याला लागून लग्न, बाळंतपण, दुष्काळ, सगळं येतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. पेट्या उघडा, गोधड्या बघा. हे सगळं झाल्यावरही रंगीत करायचाच असेल तर प्रतीवर करा, विचारून कळलेले रंग भरा, आणि शेजारी मूळ फोटो लावा. एवढं केलंत तर माझं काही म्हणणं नाही. नुसती गंमत म्हणून मोबाइलवर बघायला हरकत नाही, भिंतीवर चढवू नका.

सालासाठी कपड्यांपेक्षा कागदाकडे बघा. मागे स्टुडिओचा शिक्का आहे का? कड करवतीसारखी कातरलेली आहे का? तशी कड साधारण १९५०-६० च्या दशकांतल्या फोटोंना असते. अगदी लहान चौकोनी फोटो असेल तर बहुधा डबा कॅमेऱ्याचा, आगफा क्लिकसारखा, ज्यात एका रोलवर १२ फोटो निघायचे. रंगीत फोटो लालसर पडलेला असेल तर बरेचदा १९७०-८० च्या दशकांतला, त्यातला निळसर रंग आधी उडतो. हेही पक्कं नाही, स्टुडिओवाले जुना कागद संपेपर्यंत वापरायचे आणि जुन्या निगेटिव्हवरून नंतरही प्रत काढून द्यायचे. आमच्याच फोटोचं घ्या, कागद १९५७ चा आणि लुगडं १९५६ चं, ते सांगायला आजीच लागली.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने हलक्या हाताने, बॉलपेनचा वळ पुढून उठतो. चिकट पानांच्या अल्बममधून जेवढे सहज निघतील तेवढे आजच काढा.

तुमचा फोटो इथे टाकणार असाल तर दोन टाका. एक पुढून, आजीचा खांदा आणि बाही मोठी दिसेल असा. आणि एक मागच्या बाजूचा. बाहीला चुण्या वरून घेतल्यात की खालून पट्टीत, ते बघून मी शिवणीबद्दल तरी नक्की सांगू शकेन.